न दिसणाऱ्यांचें धन

मनुष्याच्या सचोटीची परीक्षा मोठ्या प्रसंगीं होते, असा आपला सामान्य समज आहे. राज्य, वैभव किंवा प्राण पणाला लागले असतां जो सत्याला चिकटून राहतो तो सत्यनिष्ठ, असें आपण मुलांना शिकवितों. आणि असले प्रसंग आपल्या वांट्याला सहसा येत नसल्यामुळें आपण स्वतःलाहि सत्यनिष्ठ समजून निश्चिंत राहतों. वस्तुतः पांढरपेशा गृहस्थाची परीक्षा फार लहान जागीं होत असते. मोटारीला अपघात झाल्यावर विमा कंपनीकडे जो अर्ज भरून द्यावा लागतो, त्यांतील ‘अपघात कसा झाला व कोणते भाग मोडले’ ही चार ओळींची जागा त्यांपैकींच एक होय. दुकानदारानें चुकून जास्त दिलेले दहा रुपये परत करावयास जो गृहस्थ अर्ध्या वाटेवरून मागें फिरतो, तोच या चार ओळींत कसा वागतो, आणि तसें वागतांना त्याच्या मनाला कांहींच कां टोंचत नाहीं, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. मला तो विचार करणें भाग पडलें. कारण तो गृहस्थ मीच होतों.

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर माझी गाडी ओल्या रस्त्यावरून घसरली आणि तिची पुढची उजवी बाजू दुभाजकावर आदळली. सुदैवानें कोणासहि इजा झाली नाहीं. दिवा फुटला, बंपर आणि पत्रा चेपला, व गाडी चालवितांना एका अंगाला ओढूं लागली. दुसऱ्या दिवशीं गॅरेजवाल्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि मागच्या दरवाजावरील पोच्यावर हात ठेवून तो सहज म्हणाला, “साहेब, हाहि यांतच घेऊं. एकाच बाजूला आहे, कोण विचारतो?” तो पोचा आठ महिन्यांपूर्वीं आमच्याच फाटकाच्या खांबानें दिलेला होता. मी ‘हो’ म्हणालों नाहीं. ‘नको’हि म्हणालों नाहीं. मीं घड्याळाकडे पाहिलें. यादींत दरवाजा लिहिला गेला, आणि यादीखालीं मीं सही केली. घरीं पत्नीनें कागद वाचून विचारलें, “अहो, दरवाजाचा पोचा तर आपल्या फाटकाचा ना?” मी म्हणालों, “कंपनीला काय होतें त्याचें!”

या एका वाक्यांत माझी सारी नीतिमीमांसा आली होती. तेव्हां ही कंपनी म्हणजे कोण, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अशी कल्पना करा कीं, शंभर घरांच्या एका आळींत दरवर्षीं दोन घरांना आग लागते. पण कोणत्या दोन, हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून शंभरहि घरें थोडी थोडी वर्गणी काढून एका पेटींत टाकतात, आणि ज्यांचीं घरें जळालीं त्यांचें छप्पर त्या पैशांतून पुन्हां उभें करतात. एवढेंच विम्याचें बीज आहे. पुढें आळी मोठी झाली, वर्गणीदार एकमेकांस ओळखीनासे झाले, हिशेब ठेवावयास कंपनी आली, तिला नफा हवासा झाला. तथापि पेटींत पैसा पडतो तो वर्गणीदारांच्याच खिशांतून. या पेटीचें सामाजिक स्वरूप कायद्यानेंहि मान्य केलेलें आहे. आपल्या देशांत १९३९ च्या मोटार कायद्यानें, गाडीमुळें ज्या तिऱ्हाइताला इजा होईल त्याच्यासाठीं विमा उतरविणें आवश्यक ठरविलें. ती सक्ती १९४६ पासून अंमलांत आली आणि १९८८ च्या कायद्यानें ती पुढें चालविली. गाडीवाल्याजवळ पैसा नाहीं म्हणून पायीं चालणाऱ्याचें कुटुंब उघड्यावर पडूं नये, हा तिचा हेतु. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे खरा. परंतु तेथेंहि पेटी भरते ती त्याच रीतीनें. माझ्या दरवाजाचा पोचा निघणार होता तो कंपनीच्या पैशानें नव्हे. ज्यांचीं तोंडें मीं कधीं पाहिलीं नाहींत अशा वर्गणीदारांच्या पैशानें निघणार होता.

यावर तीन समर्थनें नेहमीं ऐकूं येतात. पहिलें असें कीं, ‘मीं इतकीं वर्षें हप्ते भरले, एक छदामहि मागितला नाहीं, आतां थोडें अधिक घेतलें तर तें माझेंच आहे.’ यांत विमा आणि बँकेंतील ठेव यांची गल्लत होते. त्या वर्षांत आपण जें विकत घेतलें तें निर्भयपण होय, आणि तें आपणांस पुरेपूर मिळालें आहे. शिवाय न मागणाऱ्याचा मोबदला निराळा दिला जातोच: भरपाई न मागतां एक वर्ष गेलें तर स्वतःच्या गाडीपुरत्या हप्त्यांत शेंकडा २० सूट मिळते, आणि पांच वर्षें तशीं गेलीं तर ती शेंकडा ५० पर्यंत चढते.

दुसरें समर्थन असें कीं, कंपनी श्रीमंत आहे, तिला तें जाणवत नाहीं. परंतु ज्याचें घेतलें त्याला तें जाणवलें नाहीं, यानें घेणें शुद्ध होत असेल तर गर्दींत हलक्या हातानें खिसा कापणारा आपल्याहून अधिक शुद्ध ठरेल.

तिसरें समर्थन मात्र विचारार्ह आहे. ‘कंपनी कापणारच, म्हणून आपण आधींच वाढवून मागावें.’ कंपनी कापते, हें खरें आहे. रबराचे आणि प्लास्टिकचे भाग बदलले तर सामान्य विम्यांत त्यांची निम्मी किंमत घसारा म्हणून वजा होते, आणि प्रत्येक मागणींतील पहिली कांहीं रक्कम मालकालाच सोसावी लागते. पण हें कापणें करारांत आधींच लिहिलेलें असतें, आणि अधिक हप्ता देऊन घसाऱ्याची वजावट टाळणारा विमाहि घेतां येतो. या वजावटीमागें एक जुनें तत्त्व आहे. १८८३ मध्यें इंग्लंडच्या न्यायालयापुढें एक प्रकरण आलें. विकावयाचें ठरलेल्या एका घराला आग लागली. विमा कंपनीनें मालकाला भरपाई दिली. आणि पुढें घर घेणाऱ्यानेंहि ठरलेली पूर्ण किंमत त्याला दिली. मालकाचें कांहींच नुकसान उरलें नाहीं, म्हणून न्यायालयानें त्याला कंपनीचे पैसे परत करावयास लाविलें. नुकसान पूर्ण भरून निघावें, पण त्याहून अधिक कधींहि मिळूं नये, हें तें तत्त्व. दुर्दैवाचें निवारण करणें हें विम्याचें काम. दुर्दैवांतून नफा काढूं देणें हें त्याचें काम नव्हे.

आणि जेथें कंपनी कराराबाहेर जाऊन कापते तेथें? तेथें भांडावें, पण उघड भांडावें. १९९८ पासून विमा लोकपालाची व्यवस्था आहे. १९८६ च्या व आतां २०१९ च्या कायद्यानें ग्राहकाचीं न्यायमंडळेंहि आहेत. हक्क मागणें आणि हळूच उचलणें या दोन भिन्न क्रिया आहेत. आधींच वाढवून मागण्याचा परिणाम असा होतो कीं, प्रत्येक जण वाढवितो हें गृहीत धरून कंपनी प्रत्येकाचें कापूं लागते. आणि ज्यानें नेमकें खरें लिहिलें तोच तेवढा दोन्हीकडून नागवला जातो.

विम्याच्या व्यवहारांत शब्दाला इतकें महत्त्व कां, याचा उलगडा १७६६ मध्यें लॉर्ड मॅन्सफील्ड या इंग्रज न्यायाधीशानें केला आहे. सुमात्रा बेटावरील एका इंग्रजी किल्ल्याच्या अधिकाऱ्यानें, परकी शत्रूनें किल्ला घेतल्यास भरपाई मिळावी, असा विमा लंडनमध्यें उतरविला. किल्ला फ्रेंचांनीं घेतला. तेव्हां जोखीम पत्करणारा म्हणूं लागला कीं, किल्ल्याची दुर्बलता माझ्यापासून लपविली गेली. मॅन्सफील्डनीं सांगितलें कीं, धोक्याची खरी माहिती बहुधा विमा उतरविणाऱ्याजवळच असते आणि दुसरा त्याच्या शब्दावर विसंबून राहतो. म्हणून लपवालपवी दोघांनाहि वर्ज्य आहे. एवढें सांगून त्यांनीं निकाल दिला तो मात्र किल्ल्याच्या अधिकाऱ्याच्या बाजूनें! कारण जें जोखीम घेणाऱ्याला ठाऊक होतें किंवा विचारल्यास कळण्याजोगें होतें, त्याची सबब पुढें करून मागाहून पैसे नाकारणें, हीहि विश्वासाची पायमल्लीच. अर्थात् हा विश्वास एकेरी नाहीं. बारीक अक्षरांतील अटींच्या आड लपणारी कंपनी आणि पोचा लपविणारा गृहस्थ एकाच दोषाचे धनी आहेत.

आतां माझ्या गोष्टीचा शेवट सांगतों. चार दिवसांनीं कंपनीचे सर्वेक्षक आले. त्यांनीं दरवाजाच्या पोच्याच्या कडेला धरलेला गंज नखानें खरवडला, माझ्याकडे न पाहतां यादींतील दरवाजावर रेघ ओढली, आणि ते पुढें गेले. मग गॅरेजवाल्यानें पुढच्या चाकामागची वांकलेली दांडी दाखविली. “ही जुन्या झिजेची दिसते,” असें म्हणून त्यांनीं तिच्यावरहि रेघ ओढली. ती दांडी अपघातांतच वांकली होती. आदल्या दिवसापर्यंत गाडी सरळ धांवत होती. मीं तोंड उघडलें, आणि मिटलें. त्या दांडीला माझ्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता, आणि तो शब्द मी दरवाजावर खर्च करून बसलों होतों. पैसे गेले त्याचें मला फारसें वाईट वाटलें नाहीं. अन्याय झाला असतां रागावण्याचा जो प्रत्येक प्रामाणिक मनुष्याचा हक्क, तो माझ्याजवळ उरला नाहीं, याचें वाटलें.

खोट्याची शिक्षा पकडले जाण्यांत आहे, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. सर्वेक्षकांची नजर चुकली असती तरी पेटींतला पैसा गेलाच असता, आणि मी तो नेल्याचें ज्यांना कधींहि कळलें नसतें त्यांचा गेला असता. समोरच्या दुकानदाराला फसविण्याची आपणांस लाज वाटते, कारण त्याला चेहरा आहे. परंतु ज्यांना चेहरा नाहीं, ज्यांच्याकडून ना दूषण येणार ना आभार, त्यांच्याशीं आपण कसे वागतों यावरूनच आपली सचोटी ही सचोटी आहे कीं नुसती भिडस्तपणाची संवय आहे, हें ठरतें.

दुसऱ्या दिवशीं मीं कंपनीला पत्र लिहिलें: दरवाजाचा पोचा जुना असून तो माझ्या सहीनें यादींत गेला, चाकामागची दांडी मात्र अपघातांतच वांकली. दांडीचे पैसे मिळाले नाहींत, आणि त्यासाठीं लोकपालाकडे जावें असें मला वाटलें नाहीं; यादीखालीं सही कोणाची, हा प्रश्न तेथेंहि निघालाच असता. पत्र पाठविण्यापूर्वीं तें मीं पत्नीला वाचून दाखविलें. तिनें तें पुरतें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “बरें झालें. आतां तेवढा फाटकाचा खांब रंगवून घ्या. त्यावर अजून आपल्या गाडीचा रंग आहे.”