ते शब्द कोणाचे?

'शेक्सपिअर इन लव्ह' हा चित्रपट पुन्हा एकदा पाहून आत्या आणि भाची बोलत बसल्या होत्या.

भाची : आत्या, एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री विल शेक्सपिअर आणि त्याची प्रेयसी व्हायोला अंथरुणात जे बोलतात, तेच दिवसा तालमीत रोमिओ-ज्युलिएटच्या तोंडी येतं. दोघांचं खाजगी बोलणं त्यानं चव्हाट्यावर मांडलं. प्रेमाचा असा वापर करावा का?

आत्या : पण तालमीत रोमिओ कोण असतं? पुरुषवेशातली व्हायोलाच ना! १५९३ च्या त्या लंडनमध्ये बाईला रंगमंचावर मज्जाव होता. ते शब्द तिलाही बोलायचे होतेच.

भाची : आणि शेवटी? तिच्या वाट्याला नावडता नवरा आणि व्हर्जिनिया, त्याच्या वाट्याला नाटक.

आत्या : व्हायोला ही नॉर्मन आणि स्टॉपार्ड या चित्रपटलेखकांनी रचलेली. खऱ्या शेक्सपिअरला रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट मिळाली आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घकाव्यात. तिथं कित्येक महिने चालणारी कथा त्यानं चार-पाच दिवसांत आणली आणि सोळा वर्षांच्या ज्युलिएटला तेराची केली. घाई आणि कोवळेपण, दोन्ही त्यातून आलं.

भाची : म्हणजे प्रेरणा वगैरे काही नसतंच?

आत्या : असते. गोष्ट पुस्तकात मिळते, पण प्रेमात वेळ किती कमी पडतो हे पुस्तक शिकवत नाही. ते कुणातरी जिवंत माणसाकडूनच कळतं.

भाची : मग माझा प्रश्न तिथेच राहिला. पुस्तकातून घेतलं तर कुणाला दुखत नाही. माणसाकडून घेतलं तर?

आत्या : तर त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं बोलता आलं पाहिजे. ज्युलिएट करणाऱ्या मुलाचा आवाज फुटतो आणि व्हायोला स्वतः ज्युलिएट म्हणून उभी राहते. म्हणून मी चित्रपटातल्या विलला चोर म्हणत नाही.

भाची : आणि खऱ्या शेक्सपिअरची बायको, स्ट्रॅटफर्डची ॲन? अठराव्या वर्षी त्यानं तिच्याशी लग्न केलं, तीन मुलं झाली. चित्रपटात ती एकदाही दिसत नाही.

आत्या : तिच्या बाबतीत माझ्याकडे बचाव नाही. नाटक कितीही थोर असलं तरी तिचं देणं त्यानं फिटत नाही. ॲन १६२३ पर्यंत जगली, आणि तिच्या हातची एक ओळही आज आपल्याजवळ नाही.