दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घ्यावा काय?

रोमन कॅथोलिक मंडळी सोडून आपल्या मंडळीत येणाऱ्यास पुनः बाप्तिस्मा द्यावा काय, असा प्रश्न गावोगावच्या उपदेशकांस पडतो. प्रश्न फार जुना आहे. इ. स. २५६ च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणे, पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. रोमचा बिशप स्तेफन म्हणे, अशा मनुष्यावर हात ठेवून त्यास आत घ्यावे, तेवढे पुरे. पुढे इ. स. ३१४ मध्ये आर्ल येथील धर्मसभेने ठरविले की, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुनः देऊ नये.

इफिस येथील सुमारे बारा शिष्यांचा पुनः बाप्तिस्मा झाला खरा (प्रे. कृ. १९), परंतु त्यांस पूर्वी केवळ योहानाचा बाप्तिस्मा मिळाला होता. उलट, पेत्राने प्रभूला तीन वेळा नाकारिले. तरी प्रभूने त्यास नवा बाप्तिस्मा घेण्यास सांगितल्याचे शास्त्रात नाही. त्याने तीन वेळा प्रीतीविषयी विचारिले व आपली मेंढरे त्याच्या हाती सोपविली.

बाप्तिस्मा देणाऱ्याच्या योग्यतेवर नव्हे, तर ज्याच्या नावाने तो दिला त्याच्या वचनावर उभा आहे. देणारा अयोग्य असेल, घेणारा बहकला असेल. वचन देणारा बदलत नाही. यास्तव, बंधूंनो, वार्षिक यादीत एक नाव वाढावे म्हणून कोणास पुनः पाण्याकडे नेऊ नका, पश्चात्तापाकडे न्या.