शुश्रूषा आणि संकोच

आजाऱ्याची सेवा कशी करावी याविषयी आपल्याकडे उपदेशाची वाण नाही. सेवा कशी घ्यावी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. जणू काही अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास कर्तव्य म्हणून काही उरतच नाही. माझीही समजूत अशीच होती. ती २०२३ सालच्या रामनवमीस पोहरादेवी येथे ढळली, आणि तिला ढळविण्यास एक नळी व एक प्लास्टिकची पिशवी पुरेशी झाली. विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही असे काही वाचकांस वाटेल. परंतु ज्या घरी वृद्ध मनुष्य आहे त्या घराची या विषयाशी गाठ आज ना उद्या पडण्याचा संभव असतो, म्हणून लिहितो.

पोहरादेवी हे वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्याचे गाव. संत सेवालाल महाराजांची समाधी व जगदंबेचे देऊळ यांमुळे बंजारा समाज या स्थानास आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रातूनच नव्हे, तर तेलंगण-कर्नाटकातूनही माणसे लोटतात, आणि ज्याचे घर गावात आहे त्याच्या ओसरीवर त्या दिवसांत पाय ठेवण्यास जागा राहत नाही. माझे वडील याच भागात प्राथमिक शिक्षक होते व निवृत्तीनंतर थोरल्या बंधूंकडे येथेच राहिले. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी प्रॉस्टेट ग्रंथी वाढून त्यांची लघवी अडली. जुन्या दम्यामुळे शस्त्रक्रिया झेपणार नाही असे डॉक्टरांचे मत पडले, तेव्हा मूत्राशयात नळी बसवून त्यांस घरी धाडण्यात आले. धाडताना जो कागद हाती दिला त्यावर औषधांची नावे होती. त्या नळीसह घरात कसे राहावे याचे एक अक्षरही नव्हते.

ते आमच्या वहिनींनी गावातल्या परिचारिकेकडून शिकून घेतले. नळीस वा पिशवीस हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावे. नळी जेथून शरीरात शिरते ती जागा रोज साबणपाण्याने हळुवार स्वच्छ करावी. नळी मांडीस चिकटवून ठेवावी म्हणजे ओढ बसत नाही. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली असावी, पण जमिनीस टेकू नये. ती अर्ध्याहून थोडी अधिक भरली की रिकामी करावी. नळी व पिशवी यांचा सांधा उगाच सोडू नये, कारण जंतूंस तेवढी फट पुरते. आत पाण्याने फुगविलेला एक लहानसा फुगा असतो, त्याच्या आधाराने नळी जागच्या जागी राहते. म्हणून ती कधीही ओढावयाची नाही. आणि डॉक्टरांची मनाई नसेल तर पाणी भरपूर प्यावयाचे, म्हणजे लघवी पातळ राहून नळीत गाळ साचत नाही. यात अवघड असे काय आहे? हाताने करावयाच्या गोष्टींत काहीच नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी तेथे पोहोचलो तेव्हा घर पाहुण्यांनी भरले होते. वडील ओसरीवर खाटेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याचे नमस्कार घेत होते. पिशवीवर पंचा टाकलेला होता. वहिनी दर तासाने तांब्या पुढे करून म्हणत, "बाबा, घोटभर पाणी घ्या जी." ते तांब्या ओठांस लावीत व खाली ठेवीत. चैत्राचे वऱ्हाडी ऊन सर्वांस ठाऊक आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांस हुडहुडी भरून ताप चढला. लघवी गढूळ व तुटपुंजी झाली, पुढे थांबलीच, आणि पोट फुगले. गाडी करून दवाखान्यात न्यावे लागले. तेथे नळी बदलली, शिरेतून औषधे दिली, व चार दिवसांनी ते घरी आले. पाणी का प्यायले नाही, असे विचारता त्यांनी भिंतीकडे पाहून उत्तर दिले : "पिशवी भरली की सुनेला पाहुण्यांदेखत ती उचलावी लागते."

त्या उत्तराने मला चरकाची आठवण झाली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, आणि प्रत्येकाचे चार-चार गुण. परिचारकास उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता असावी, हे आपण सहज मान्य करतो. नवल वाटते ते रोग्याच्या गुणांचे. स्मृती, वैद्याच्या सांगण्याप्रमाणे वागणे, निर्भयता, आणि शेवटी ज्ञापकत्व. म्हणजे आपल्याला काय होत आहे ते सांगता येणे. सांगणे हा गुण आहे, आणि तोही चिकित्सेच्या पायापैकी! माझ्या वडिलांत पहिले तीन गुण भरपूर होते. चौथा नव्हता, कारण साऱ्या आयुष्यात त्यांनी कोणाजवळ पेलाभर पाणीसुद्धा मागितले नव्हते, व त्याचा त्यांस अभिमान होता.

यावर सोपे उत्तर असे की, लाज ही दुष्कृत्याची धरावी. मूत्राशय काही मनुष्याच्या इच्छेने चालत नाही, म्हणून त्याची लाज अज्ञानाची होय. वर्गात हे मी अनेक वर्षे शिकवीत आलो. आता ते मला पोकळ वाटते. लाज केवळ कृत्याची नसते. कोणी पाहावे व कोणी पाहू नये हे ठरविण्याचा जो हक्क प्रत्येकास असतो, त्याची ती राखणदार आहे. ती ज्याला मुळीच उरली नाही असा वृद्ध मनुष्य कोणास आवडेल? तेव्हा वडिलांची चूक लाज वाटण्यात नव्हती. त्या लाजेची सोय आम्ही लावली नाही, ही चूक आमची होती. यात्रेचे चार दिवस खाट आतल्या खोलीत घ्यावी, एवढेही कोणास सुचले नाही.

माझा स्वतःचा अपराध त्याहून मोठा होता. आल्या दिवशीच मी पाहुण्यांपुढे वहिनींची स्तुती केली : एवढी सेवा पोटची मुलेही करीत नाहीत, वगैरे. ते शब्द खाटेवरच्या माणसाने ऐकले. सेवेस त्याग म्हटले की जो सेवा घेतो तो आपोआप ऋणकरी होतो. आणि ऋण वाढू नये म्हणून स्वाभिमानी मनुष्य जे करतो तेच त्यांनी केले, घेणे कमी केले. पगारी परिचारक ठेवणाऱ्या कुटुंबांस आपण निष्ठुर समजतो. पण पुष्कळ वृद्धांस तोच बरा वाटतो, कारण महिनाअखेरीस त्याचा हिशेब फिटतो. शिवाय माझे वाक्य खरेही होते, व त्यातच त्याचा निर्लज्जपणा होता. पोटची दोन मुले तेथे उभी असता पिशवी सून रिकामी करीत होती, आणि त्यांपैकी एक मुलगा तिचे कौतुक करीत होता.

आपला समज असा की हे बायकांचे काम. इतिहास त्याला फारसा दुजोरा देत नाही. सुश्रुताने मूत्रमार्ग आकुंचित झाल्यास तुपाने माखलेली नळी घालावयास सांगितले आहे, ती लोखंडाची, लाकडाची वा लाखेचीही चाले. १७५२ साली बेंजामिन फ्रँक्लिन याने मुतखड्याने पिडलेल्या आपल्या थोरल्या भावासाठी वाकणारी रुपेरी नळी सोनाराकडून करवून धाडली. वीज व राजकारण यांतून त्याला भावाच्या लघवीसाठी वेळ काढता आला. फुग्याची नळी अमेरिकेतील डॉक्टर फोली याच्या नावाने ओळखली जाते, ती गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकातली. १९७२ साली मिशिगनच्या लॅपिडीस याने दाखविले की, काही रोग्यांस कायम नळी न ठेवता ती स्वतःच्या स्वच्छ हातांनी दिवसातून काही वेळा घालून काढता येते. माझ्या मते या शोधाचे नैतिक मोल वैद्यकीय मोलाहून कमी नाही. पण तो वडिलांच्या थरथरत्या हातांस उपयोगाचा नव्हता.

मी रजा वाढविली. पहिल्या दिवशी मी पिशवीकडे वळताच ते म्हणाले, "तू राहू दे, तुला कॉलेजात जायचे आहे." कॉलेज तेथून दीडशे किलोमीटरवर होते. मी काही बोललो नाही. बोलणे हाच माझा दोष असल्याचे नुकतेच कळले होते. हात धुतले, तोटी सोडली, मापाच्या भांड्यात लघवी घेतली आणि किती झाली ते त्यांनाच विचारले, कारण माझा चष्मा आत राहिला होता. त्यांनी भांडे उजेडाकडे धरावयास सांगून आकडा वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाकडून एक वही मागविली व शाळेच्या हजेरीपटासारखे रकाने आखले : वेळ, पाणी, लघवी, रंग, शेरा. बंधूंनी सकाळची पाळी घेतली. पाण्याचा आकडा रोज चढू लागला. वहीत आकडा कमी दिसणे त्यांस पाहुण्यांच्या नजरेपेक्षा अधिक लाजिरवाणे वाटत असावे.

अंग हिवाने थरथरणे, कमरेच्या बाजूस दुखणे, लघवीत रक्त, किंवा काही तास पिशवी कोरडी राहणे, असे काही दिसताच हाक मारावी, हे परिचारिकेने सांगितले होते; ते त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहून घेतले. नुसते जंतू सापडले म्हणून औषध घ्यावयाचे नाही, नळी महिनाभर राहिली की ते बहुतेकांच्या लघवीत सापडतातच, हेही त्याखाली लिहिले, व पुढे औषध मागणाऱ्या एका शेजाऱ्यास वाचूनही दाखविले.

निघण्याच्या दिवशी मी वही चाळली. आदल्या रात्रीच्या ओळीत, वळणदार अक्षरात, शेऱ्याच्या रकान्यात होते : "रंग फिका. धाकट्याने पिशवी जमिनीस टेकविली."