चाकांवरचें घर

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. घर मागें जोडून डोंगरदऱ्यांत हिंडावें, ही हौस निर्दोष आहे. परंतु बीड जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास अशीं कित्येक घरें बालाघाटाच्या डोंगरांतून निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत भांडीं, अंथरुणें व मुलें घेऊन, मुकादमाची उचल घेतलेलीं जोडपीं ऊसतोडीस जातात. अशा जोडप्यास हिशेबांत ‘कोयता’ म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता!

दोन्ही घरें चाकांवरचींच. मग भेद कोणता? सहलीचा प्रवासी वाटेल तेव्हां माघारी वळतो. उचल फिटेपर्यंत कोयत्यास वळतां येत नाहीं. घाटांत त्या ट्रॉलीस वाट देणें हें सौजन्य होय. उचलीवांचून पोट भरेल अशी मजुरी देणें हा न्याय होय. सौजन्यानें न्यायाचें ऋण फिटत नाहीं.