चुकीची आठवण आणि खोटी साक्ष

रियाधच्या बत्हा बाजारात शुक्रवारी सुट्टीमुळे हिंदी, पाकिस्तानी, बांगलादेशी कामगारांची दाटी होते. समजा, १९९० साली तेथे रत्नागिरीच्या दोघांत हातउसना व्यवहार झाला, कागद नाही. आज सत्तरी ओलांडलेला एकजण शपथेवर सांगतो, "पैसे मी त्यालाच परत दिले." दिले होते ते भलत्याच माणसाला. हा खोटे बोलला काय?

निरोगी म्हातारपणातही हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग हळूहळू आकसतो, कपाळामागचा भागही आकसतो. हा अल्झायमर नव्हे. त्यात पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात, येथे तसे होत नाही. भाषा, म्हणी, हातचे कसब बहुधा शाबूत राहते. निसटते ते कोण, कोठे, केव्हा एवढेच. घटना उरते, तिचा पत्ता हरवतो. खात्री मात्र पुष्कळदा तशीच राहते, हीच खरी अडचण.

माझ्या मते हा लबाड नव्हे. खोटे बोलायला खरे ठाऊक असावे लागते. पण म्हणून धनकोने पैसे का सोडावे? एका साक्षीवर निकाल देऊ नये, हा अनुवादातील नियम आपण लबाडांसाठी समजतो. प्रामाणिक वृद्धांसाठीही तो तितकाच कामाचा. घरच्यांनी "आठवा ना!" असा तगादा लावू नये. दुकान कोणते, सोबत कोण होते, असे विचारावे. खुणेने आठवण लवकर येते. मात्र उत्तर आपणच सुचवू नये, नाहीतर तेच त्यांची आठवण होऊन बसते.