दहावा माणूस



आसनगावहून लोकल पकडून आपण ठाण्याला जातो ते बहुधा कोर्टकचेरीसाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. त्याच ठाण्यात १८७९ सालापासून यहुदी बांधवांचे एक सभास्थान आहे. त्याचे नाव 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. तिथे जमणारे बेने इस्राएल लोक घरी मराठी बोलतात. पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी त्यांची गावावरून पडलेली आडनावे. कोकणात त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शब्बाथ म्हणून शनिवारी घाणा बंद ठेवीत, त्यामुळे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत.

त्यांच्या परंपरेनुसार या समाजाची सुरुवातच एका मयतीने झाली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती त्यांनी तिथेच पुरली. नव्या भूमीवर त्यांनी केलेले पहिले काम म्हणजे हे दफन.

यहुदी माणसाचे आईवडील वारले की मुलगा रूढीप्रमाणे अकरा महिने 'कद्दिश' ही प्रार्थना म्हणतो. तीत मरणाचा शब्दही नाही, नुसती देवाच्या नावाची स्तुती आहे. प्रभूने आपल्याला शिकवलेल्या प्रार्थनेची पहिली विनवणी तिच्या फार जवळची आहे. पण कद्दिश एकट्याने म्हणता येत नाही. त्यासाठी तेरा वर्षे पूर्ण केलेले किमान दहा पुरुष हजर हवेत. या दहांना 'मिन्यान' म्हणतात. नऊ मोठे रब्बी बसले तरी ते पुरत नाहीत. दहा साधे तेली पुरतात. (जुन्या परंपरेत स्त्रियांना या मोजणीत धरत नाहीत, हे मला खटकते. पण आपल्याच घरात खटकण्यासारखे काय काय आहे ते आठवून गप्प बसतो.)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा मला तो निष्ठुर वाटला होता. बाप गेलेला मुलगा उभा आहे, देव ऐकायला बसला आहे, आणि मध्ये हिशेब आडवा येतो: एक माणूस कमी! शिवाय तो दहावा माणूस केवळ नियमाखातर आला, तर त्याच्या येण्याला दया म्हणायचे का? दया तर मनातून यायला हवी.

इमॅन्युएल कान्ट हा जर्मन तत्त्वज्ञ नेमके उलटे म्हणतो. १७८५ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात त्याने एका परोपकारी माणसाचे उदाहरण दिले आहे. हा माणूस स्वतःच दुःखात बुडाला आहे. दुसऱ्याबद्दल काही वाटावे इतकी जागा त्याच्या मनात उरलेली नाही. तरीही तो उठतो आणि कर्तव्य म्हणून मदत करतो. कान्टच्या मते त्याच्या कृतीला खरे नैतिक मोल आता आले. तेव्हा मला हे कोरडे वाटले. आज तेवढे वाटत नाही. नियम असला की दुःखी माणसाला दारोदार जाऊन "माझ्यासाठी या" अशी विनवणी करावी लागत नाही. त्याचे दुःख आपोआप आणखी नऊ जणांचे काम होते.

हिब्रू भाषेत प्रेमदयेला 'हेसेद' म्हणतात. मृतासाठी जे करायचे, प्रेताला आंघोळ घालणे, ते नेणे, पुरणे, त्याला यहुदी लोक 'खरी हेसेद' म्हणतात, कारण मेलेला माणूस परतफेड करू शकत नाही. याकोबाने मरताना योसेफाकडे हीच मागितली होती: मला मिसर देशात पुरू नकोस. आपल्या बायबलातला तोबित तर मृतांना पुरण्यापायी राजाचा राग ओढवून घेतो, पानावरचे जेवण टाकून उठतो.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढच्या वर्षांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आज इथे चार-पाच हजार उरले आहेत. जाणाऱ्यांना कुणी हाकलले नव्हते, ते आपल्या ओढीने गेले. पण मागे राहिलेल्यांना कोकणातल्या छोट्या गावांत दहा माणसे जमवणे कठीण होऊन बसले. माणसे कमी झाली की दुःख करण्याची सोयही कमी होते, हे आपल्याला का कळू नये? दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवर काय उरते?

काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या बाजूच्या एका पाड्यावर जानेवारीत एक म्हातारबाबा वारले. निम्मा पाडा वीटभट्टीवर होता. मी मोटारसायकलने गेलो, घरात प्रार्थना केली, पवित्र पाणी शिंपडले. दुसऱ्या गावी मिस्सा होती म्हणून दफनाची जबाबदारी कॅटेकिस्टवर टाकून घड्याळ पाहत निघालो. ते कॅटेकिस्टही वयाने थकलेले. पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याचा मुलगा भेटला. रागावलेला नव्हता. सहज बोलावे तसे म्हणाला, "खांद्याला मी आणि दोन म्हातारी माणसं. चौथ्या खांद्याला शाळेतलं पोर घेतलं, त्याची उंची पुरंना. फादर, तुम्ही थांबला असता तर आम्ही चार झालो असतो."

त्या दिवशी मी स्वतःला प्रार्थना म्हणणारा म्हणून मोजले होते. खांदा म्हणून मोजलेच नव्हते.

यंदा भट्टीचे ट्रक येऊन गेले, तेव्हा मागे राहणाऱ्यांची नावे मी वहीत लिहून घेतली. त्या पाड्यावर खांदा देऊ शकतील अशी तीन नावे निघाली. चौथे मी माझे लिहिले आणि खाली मोबाइल नंबर घातला.