शिकाऊचा अधिकार

‘अधिकार’ या शब्दाची मराठीत जी गत झाली ती फार थोड्या शब्दांची झाली असेल. वेदान्ताच्या ग्रंथात आरंभीच चार गोष्टी सांगाव्या लागतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. त्यांतील अधिकारी म्हणजे ज्ञान घेण्यास ज्याचे मन सिद्ध झाले आहे असा शिष्य. कचेरीत अधिकारी म्हणजे ज्याला आता शिकण्यासारखे काही उरलेले नाही असे सर्वांनी गृहीत धरावयाचे तो गृहस्थ. एकाच शब्दाच्या पोटात विद्यार्थी आणि साहेब असे दोघे नांदत असताना आम्ही साहेबाचाच तेवढा पाहुणचार केला. वीस-बावीस वर्षे या दुसऱ्या अर्थाने अधिकारी राहिल्यानंतर पहिल्या अर्थाची आठवण आम्हांस झाली ती बेहाल्यात, आणि तीही कोणा शास्त्र्यामुळे नव्हे, तर एका स्वस्त मोटारसायकलीमुळे.

बेहाला हा कलकत्त्याचा नैर्ऋत्येकडील भाग. डायमंड हार्बर रोड हा त्याचा कणा. तारातला, बेहाला चौरस्ता, सखेर बाजार, ठाकूरपुकूर, जोका अशी त्याची मणकी ओळीने सांगता येतात. या रस्त्यावरून २०११ पर्यंत जोक्याची ट्राम जात असे. पुढे मेट्रोचे खांब आले आणि २०२२ च्या डिसेंबरअखेरीस जोका ते तारातला गाडी डोक्यावरून धावू लागली. खाली मात्र बस, मिनीबस, ऑटो, सायकल-व्हॅन, मासळीच्या टोपल्या आणि शाळेची मुले यांचा संसार पूर्वीप्रमाणेच चालू आहे. सरकारी गाडी कामापुरती. बाजारहाटाला आणि रविवारच्या भेटीगाठींना स्वतःचे काही वाहन असावे म्हणून आम्ही एक जुनी हीरो होंडा स्प्लेंडर घेतली. हीरो आणि होंडा यांची फारकत होण्यापूर्वीची, शंभर घनसेंटीमीटरला किंचित कमी पडणारी, कार्ब्युरेटरची गाडी. ती चालू स्थितीत नव्हती म्हणूनच आमच्या खिशाला परवडली. सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी दोनदा ताडून पाहिला (ही खोड जावयाची नाही) आणि ती गल्लीतील मिस्त्रीच्या स्वाधीन केली.

मिस्त्रीचे वय आमच्या थोरल्या मुलाएवढे. तो आम्हांस ‘काकू’ म्हणतो. बंगालीत काकू म्हणजे काका, हे आम्हांस ठाऊक आहे. तरी दर वेळी आमचा मराठी कान क्षणभर दचकतो तो दचकतोच. त्याने सहा-सात रविवारांत ती गाडी पूर्ण उकलली आणि पुन्हा जोडली. लागणारे भाग मल्लिक बाजारातून आले. जुन्या गाड्यांचे अवयव मिळण्याचे ते कलकत्त्यातील नामांकित ठिकाण. आम्ही स्टुलावर बसून पाहत होतो, सांगितले ते धरीत होतो, नट रॉकेलात धूत होतो. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, क्लचच्या चकत्या एक घर्षणाची, एक पोलादाची अशा क्रमाने बसल्या, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे फुंकून साफ झाली. साखळी किती ताणावी? मधोमध बोटाने उचलली असता अंगठ्याच्या पेराइतकी हलली पाहिजे. व्हॉल्व्हच्या फटीला कागदाच्या जाडीचीही मुभा नाही. ती मिस्त्री आधी पातळ पट्टीने मोजी, मग बोटाने चाचपी, आणि शेवटी बोटाचेच ऐके.

जोडणीत शिकण्याची मोठी शक्ती आहे, हे आपल्या देशाला नवीन नाही. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया निघाली तेव्हा आरंभी इंग्लंडातील रेडिचहून आलेले भाग जोडूनच ‘बुलेट’ उभी राहत असे. पुढे ते भागही येथेच होऊ लागले. जोडता जोडता करणे शिकलेला तो एक पिढीचा देश होता, आणि त्या शिकण्याचे मोल पुण्यास स्कूटरसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी चुकते केले, हेही विसरू नये.

सातव्या रविवारी गाडीचा एकही भाग असा उरला नव्हता की ज्याचे नाव, काम व जागा आम्हांस सांगता आली नसती. आणि तरीही ती चालविता येत नव्हती. ही गोष्ट उघड आहे. पण उघड गोष्टी विचारास अधिक जड जातात. ऑक्सफर्डच्या गिल्बर्ट राइलने १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणे’ आणि ‘अमुक करणे जाणणे’ यांत भेद केला. मूळचा हंगेरीचा रसायनशास्त्रज्ञ मायकेल पोलानी याने १९५८ मध्ये त्यापुढे जाऊन सायकलचे उदाहरण दिले : तोल जितका ढळला असेल त्या मानाने, वेगाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वळणाची वक्रता ठेवली की माणूस पडत नाही. नियम बिनचूक आहे. तो पाठ करून आजवर कोणी सायकल शिकलेला नाही, आणि जे शिकले त्यांना तो ठाऊक नाही. मोटारसायकलीचे तर याहून नवल. वेगात असताना डावीकडे वळावयाचे तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते, म्हणजे पुढचे चाक क्षणभर उजवीकडे जाते! आमचा मिस्त्री हे दिवसातून शेकडो वेळा करतो. त्याला विचारले तर तो शपथेवर नाकारील. क्लच सोडताना इंजिनाची शक्ती चाकास नेमकी कोठे भिडते, ते त्याच्या डाव्या हाताला ठाऊक आहे; त्याच्या जिभेला फक्त ‘आस्ते, काकू, आस्ते’ एवढेच येते. ज्याला सांगता येत नाही त्याला कळत नाही, असे आम्ही कचेरीत अनेकांविषयी मनात ठरवून टाकलेले असते. त्या निकालांची फेरतपासणी करावयाची तर पुष्कळ फायली उघडाव्या लागतील.

पण ज्ञानाच्या प्रकारांचा हा प्रश्न पंडितांवर सोपविता येईल. आमच्या मनाला जो लागून राहिला तो प्रश्न निराळा आहे. येणारे काम हाताला यावयाचे तर ते करूनच यावयाचे, आणि न येणारा माणूस ते करू लागला म्हणजे त्याच्या न येण्याची किंमत भोवतालचे लोक देतात. ही किंमत त्यांनी का द्यावी?

काही विद्यांना जाळ्या असतात. बेहाला हे सौरव गांगुलींचे गाव, असे येथील प्रत्येक दुकानदार पहिल्या दोन वाक्यांत सांगतो. पण गांगुलीसुद्धा नेटमध्ये बाद झाले असतील तेव्हा कोणाचा सामना गेला नाही. येथेच फ्लाइंग क्लबचे जुने मैदान आहे. विमान शिकणाऱ्यासाठी केवढे मोकळे आकाश राखून ठेवावे लागते, ते मोटारसायकल शिकणाऱ्यास पाहून कळते. त्याला मैदानात चार फेऱ्या मारता येतात खऱ्या, पण मैदानात रस्ता नसतो. रस्ता रस्त्यावरच शिकावा लागतो. पहाटे सहाला आम्ही गल्लीतून बाहेर पडू तेव्हा मासळीवाली आपली टोपली वीतभर मागे ओढून घेई. सायकल-व्हॅनवाला चढावर पाय थांबवी. बसचा चालक कर्णा वाजवी आणि कंडक्टर दारातून हात काढून मागच्यांना थोपवी. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी आजोबांचा हात घट्ट धरी. कोणी काही बोलले नाही. प्रत्येकाने दोन-चार क्षण, थोडे श्रम, थोडे भय इतकी सुटी नाणी आमच्या शिकण्याच्या खाती टाकली आणि तो आपल्या कामाला गेला.

याला एक तयार उत्तर आहे. शिकाऊ नसतील तर कसबीही नसतील. आजचा प्रत्येक कुशल चालक काल धोकादायक होता. म्हणून समाजाने हे सोसलेच पाहिजे. उत्तर खरे आहे, पण ते शिकण्याच्या प्रथेचे समर्थन झाले, आमचे नव्हे. आणखी एक उत्तर आपल्या परंपरेत सापडते. ऋषिऋण ऋषींना परत करता येत नाही. ते अध्ययनाने आणि पुढच्यास देऊन फिटते. तसेच आज ज्यांनी आम्हांस वाट दिली त्यांची वाट आम्ही उद्याच्या शिकाऊस द्यावी. पुष्कळ दिवस आम्हांस हे उत्तर समाधानकारक वाटत असे. मासळीवालीच्या टोपलीने ते मोडले. ती कधी मोटारसायकल शिकणार नाही. तिला कोणी कधी अशी वाट दिली नाही, द्यावी लागणारही नाही. ऋणाचे जे वर्तुळ आम्ही इतक्या डौलाने काढले त्याच्या ती बाहेर उभी आहे. ती फक्त देते. तिच्याशी आमचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

कायद्याने हा प्रश्न सोडविलेला नाही, पण त्याला तो दिसला आहे असे वाटते. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम शिकाऊ परवान्यास सहा महिन्यांची मुदत देतात, तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्यासाठी येऊ देत नाहीत, आणि दोन अटी घालतात. एक, पांढऱ्या पाटीवर तांबडे ‘एल’ हे अक्षर पुढे-मागे लावावे. दुसरी, परवानाधारक शिक्षक बरोबर असावा आणि गाडी ताब्यात ठेवता वा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असावा. पाटी लावल्याने टोपली मागे ओढण्याचे श्रम वाचत नाहीत. पण का ओढावयाची ते तिला कळते. तिची संमती आम्ही घेतली नाही, निदान तिच्यापासून काही लपविलेही नाही.

दुसरी अट मोटारसायकलीला लागू करू गेले की गंमत होते. मागे बसलेल्या शिक्षकाचा हात पुढच्या ब्रेकपर्यंत पोहोचत नाही, पाय मागच्या ब्रेकपर्यंत पोहोचत नाही. त्याच्यापाशी एकच ब्रेक असतो, तो म्हणजे त्याचा आवाज. ‘आस्ते’ म्हटल्यावर हात ढिला पडला तर गाडी थांबते, नाही तर नाही. म्हणजे कायद्याची सारी भिस्त अखेर शिकणाऱ्याच्या ऐकण्यावर आहे. आपल्या मुलाच्या वयाच्या, परक्या भाषेत बोलणाऱ्या, तेलकट हातांच्या माणसाचा शब्द विचार न करता अंगी उतरू देणे ज्याला जमते, त्यालाच रस्त्यावर येण्याचा अधिकार. वेदान्ती ज्याला अधिकारी म्हणतात तो हा.

आता वाचकांनी आपल्या शेवटच्या बदलीचे स्मरण करावे. बदली होऊन आपण नव्या जिल्ह्यात, नव्या खात्यात रुजू होतो तेव्हा पहिले सहा महिने आपण निखळ शिकाऊ असतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असे. आजच्या गाडीवर ते नेमके उलट. एकीवर मुरलेला माणूस दुसरीवर बसला की त्याचे कौशल्यच त्याला दगा देते, आणि मुलखामुलखाच्या कारभाराचेही असेच आहे. तरी आपल्या दारावर पाटी लागते ती नावाची व हुद्द्याची. तांबड्या अक्षराची नव्हे. अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला कळत नाही की समोरचे साहेब आज त्याच्यावर हात बसवून घेत आहेत. मागे बसलेला शिक्षकही असतो. कचेरीतले बडे बाबू तीस वर्षे त्याच टेबलाशी असतात. पण त्यांचा ‘आस्ते’ आपल्या कानी पडतो का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

कलकत्त्यात ही अडचण जुनी आहे. सोळा-अठरा वर्षांची पोरे विलायतेहून येऊन न्याय व महसूल हाताळतात हे वेलस्लीस खटकले म्हणून त्याने १८०० साली फोर्ट विल्यम कॉलेज काढले. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम केरीने १८०५ मध्ये श्रीरामपुरास आपल्या भाषेचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश छापला. त्यामागे वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. साहेबांना भाषा शिकविणारा पंडित मानाने व वेतनाने मात्र साहेबांच्या खालीच राहिला. आणि दोष परक्यांनाच देऊन सुटका नाही. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या ज्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या त्यांची आठवण येथे अजून ‘बर्गी’ या शब्दात टिकून आहे. तो आपलाच बारगीर. शिलेदाराचे घोडे स्वतःचे, बारगिराचे सरकारी. सरकारी घोड्यावर बसणाऱ्याच्या दौडीची किंमत या प्रांतातील खेड्यांनी कशी दिली ते बंगाली आया मुलांना झोपविताना गात आल्या आहेत. सरकारी मोटारीतून उतरून स्वतःच्या मोटारसायकलीवर बसू लागल्यापासून आम्ही मिस्त्रीला सांगतो की आमची बारगिरी सुटली, आता आम्ही शिलेदार. त्याला विनोद कळत नाही, पण तो हसतो.

बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना आपण एक तक्ता भरतो. त्यात रोकड असते, किल्ल्या असतात, शिक्के असतात, अपुऱ्या प्रकरणांची यादी असते. गेलेल्या माणसाला या जागेवर काय उमगले आणि ते उमगेपर्यंत कोणाकोणाचे अर्ज चुकीच्या खात्यात फिरत राहिले, यासाठी रकाना नाही. म्हणून येणारा पुन्हा पहिल्यापासून शिकतो, आणि त्याच लोकांच्या खर्चाने. आमच्या आधीच्या एका गृहस्थांनी तक्त्याबरोबर हाताने लिहिलेली चार पाने ठेवली होती. त्यांत कोणते टपाल कोणत्या दिवशी यावयास हवे, कोणत्या नकाशावर विश्वास ठेवू नये, आणि कोणत्या शिपायाला विचारल्याशिवाय सही करू नये, एवढेच होते. ती पाने आम्ही टाचून ठेवली असून पाचवे पान लिहावयास घेतले आहे.